घड, मणी आणि बाळी

पुणे-सोलापूर रस्त्यालगतचं पळसदेव लोकांना माहीत आहे ते उजनीच्या पाण्यात गेलेल्या पळसनाथाच्या मंदिरामुळे. मला मात्र इंदापूर-बारामतीच्या या पट्ट्यात ओढ असते ती द्राक्षाच्या घडाची, आणि तीही खाण्यासाठी नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर फुटलेला कोवळा घड जवळून पाहा. मधोमध एक दांडा. त्याला दोन्ही अंगांनी फुटलेल्या बारीक फांद्या, ज्यांना बागाईतदार ‘पाकळ्या’ म्हणतात. पाकळ्यांना आणखी फाटे, फाट्यांना देठ आणि देठांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या कळ्या. विरळणीला आलेल्या बायका नको त्या पाकळ्या कात्रीने सटासट उडवतात. कोणता फाटा कुठून निघतो, हे त्यांच्या बोटांना पाठ असतं.

रोमन लोक या घडाला ‘रॅसिमस’ म्हणत, मण्याला ‘ॲसिनस’ आणि वेलीच्या कोवळ्या फुटव्याला, त्याच्या बाळीला, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या तंतूला, ‘पॅम्पिनस’. तिन्ही शब्द बागेतून उठले आणि थेट शास्त्रात जाऊन बसले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त फुलोऱ्यांचे प्रकार बांधून दिले, तेव्हा रॅसिमसलाही त्यात जागा मिळाली. मराठी पुस्तकांत ती मंजरी. पुढे व्याख्या काटेकोर झाली: दांडा एकच, न फाटणारा, त्यावर देठाची फुलं, आधी खालची उमलणार, मग वरची. या कसोटीवर खुद्द द्राक्षाचा घडच नापास! त्याच्या दांड्याला पाकळ्या फुटतात ना, म्हणून तो परिमंजरी, उसाच्या तुऱ्याच्या पंगतीतला. ज्याच्यावरून नाव पडलं तोच घराबाहेर, आणि आत बसला आहे फाल्गुनात पेटणारा पळस. त्याच्या फुलोऱ्याला वनस्पतिशास्त्र बिनदिक्कत मंजरी म्हणतं.

मणी मात्र माणसाच्या पोटात गेला. बोलोन्याचा मार्चेल्लो माल्पीगी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचं फुप्फुसही ठेवी आणि झाडाचं खोडही. १६६६ मध्ये यकृतातल्या बारीक कणांना त्याने ॲसिनसच म्हटलं. आज हा शब्द प्रामुख्याने स्वादुपिंडात भेटतो. तिथली मुख्य नळी फाटत फाटत बारीक होते आणि शेवटच्या फाट्याच्या टोकाला पेशींचा गोल पुंजका असतो. पाचकरस तिथे तयार होतो आणि त्याच नळ्यांनी उलट वाटेने लहान आतड्यात उतरतो. फुप्फुसातही तेच. श्वासनलिका सुमारे २३ वेळा दुभागते. एकाचे दोन, दोनाचे चार असं २३ वेळा करून पाहा, ८० लाखांवर टोकं होतात. छातीच्या पिंजऱ्यात इतकी टोकं मावतात ती केवळ फाटे फुटण्याच्या युक्तीमुळे. शेवटच्या टप्प्यातल्या वायुकोशांच्या गुच्छालाही ॲसिनस हेच नाव आहे.

आणि बाळी? ती गेली पुरुषाच्या वृषणाकडे. तिथून वर येणाऱ्या शिरांचं जाळं धमनीभोवती असं गुंडाळलेलं असतं की शरीरशास्त्रज्ञांना वेलीची बाळीच आठवली. त्या जाळ्याला पॅम्पिनिफॉर्म प्लेक्सस म्हणतात. हे गुंडाळणं उगाच नाही. पोटातून येणारं धमनीतलं रक्त ऊबदार, शिरांतलं परतीचं रक्त थोडं गार. दोन्ही एकमेकांना चिकटून उलट दिशांनी वाहतात आणि वाटेतच उष्णतेची देवघेव होते. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी तापमान लागतं, ते असं राखलं जातं. या शिरा फुगल्या की डॉक्टर त्याला व्हेरिकोसील म्हणतात.

रोमनांनी घड आणि बाळी यांना वेगवेगळी नावं दिली खरी, पण वेलीच्या लेखी हा भेद पक्का नसतो. काडीवरच्या डोळ्याच्या आत दोन्हींचा आरंभ एकाच सूक्ष्म अंकुरातून होतो. सायटोकायनिन या संप्रेरकाचं पारडं जड झालं तर घड, जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचं झालं तर बाळी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत हा निकाल लागत असतो, म्हणून बागाईतदार त्या दिवसांत सिक्स-बीए हे सायटोकायनिन फवारतात आणि आभाळाकडे डोळे लावून बसतात. आभाळ भरून राहिलं, ऊन कमी पडलं, की ऑक्टोबरात फूट निघते आणि बागेत एकच बोलणं ऐकू येतं: घड जिरले, बाळी झाली. कधी अर्धवट प्रकारही दिसतो: वळलेली बाळी आणि तिच्या टोकाला दोन-चार मणी.