पावसाळी दिवसांतील पाहुणा

कोणत्याही कुटुंबाची खरी व्यवस्था पाहावयाची असल्यास ती घरीं पाहुणा आला असतां पाहावी. आणि तो पाहुणा भाद्रपद-आश्विनाच्या ओल्या दिवसांत आलेला असल्यास ही परीक्षा अधिकच कडक होते. उन्हाळ्यांत पाहुण्यास अंगणांत खाट टाकून देतां येते. हिवाळ्यांत संत्र्यांच्या करंडीनें त्याचें स्वागत होतें. परंतु बाहेर झड लागली आहे, दोरीवरचे कपडे तीन दिवसांत वाळलेले नाहींत, बाजारांत भाजी महाग आणि मिळेल तीही भिजलेली, अशा वेळीं दारांत छत्री मिटल्याचा आवाज आला म्हणजे गृहिणीच्या मनांत आनंदाबरोबर एक हिशेबही सुरू होतो. त्या हिशेबासंबंधीं चार शब्द आम्ही येथें लिहिणार आहों.

पाहुणे नेमके याच दिवसांत कां येतात? याचें कारण आमच्या सणांत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा असतो. त्या दिवशीं मुलें लांकडी नंदी घेऊन दारोदार जातात आणि बोजारा मिळवितात. हे आमच्या ऋतूंतील सर्वांत लहान पाहुणे होत. पुढें भाद्रपदांत महालक्ष्म्या येतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अनुराधा नक्षत्रावर घरीं येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांची पूजा होते व मूळ नक्षत्रावर त्यांची पाठवणी होते. पूजेच्या दिवशीं पुरणपोळी, आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्या यांचा नैवेद्य होऊन आप्तेष्टांच्या पंगती उठतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचीं गाणीं म्हणणाऱ्या मुली घरोघर जातात. त्या दरम्यान दसरा येतो, आणि नागपुरास तर त्याच सुमारास सर्वांत मोठा पाहुणचार करावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, विजयादशमीच्या दिवशीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं येथें आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तेव्हांपासून दर वर्षीं दीक्षाभूमीच्या दर्शनास दूरदूरचीं माणसें येतात, आणि शहरांतील कितीतरी लहान घरांत चारांच्या जागीं चौदा माणसें निजतात.

याच दिवसांत पाऊस कां असावा, हेंही समजून घेतलें पाहिजे. नागपुरास वर्षाकांठीं सरासरीनें १,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा फार मोठा वांटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पोळ्याच्या सुमारास तो ओसरला असें वाटतें. परंतु बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचीं क्षेत्रें निर्माण होऊन तीं ओडिशा व छत्तीसगड यांवरून पश्चिमेकडे सरकूं लागलीं, म्हणजे विदर्भावर सप्टेंबरांतही मुसळधार कोसळते. नैर्ऋत्य मोसमी वारे येथून साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यांत माघार घेतात. म्हणून पंचांगांत शरद ऋतु लागला तरी आमच्या अंगणांत कित्येकदां वर्षाच नांदत असते.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, असा या शब्दाचा अर्थ परंपरेनें सांगतात. सणाचा पाहुणा तिथि पाहून येतो. पावसांत अडकलेला पाहुणा खरा अतिथि असतो. दोघांनाही प्रथम काय हवें असतें? पक्वान्न नव्हे. त्याला कोरडी जागा हवी, शुद्ध पाणी हवें, आणि परत जाण्याची निर्धोक वाट हवी. या तीन गोष्टी ज्या घरांत मिळतात तेथील पाहुणचार उत्तम होय, मग ताटांत भाकरी आणि झुणकाच कां असेना. या तिन्हींपैकीं एक जरी नसली तरी सोळा भाज्यांनीं ती उणीव भरून निघत नाहीं.

प्रथम कोरडी जागा. हवेंत आधींच बाष्प भरलेलें असतें, म्हणून कापडांतील पाणी सहज उडून जात नाहीं. ओले कपडे बंद खोलीत वाळत घातले तर खोलीच दमट होते व भिंतींना बुरशी येते. याकरितां ओल्या छत्र्या, चपला व कपडे यांना दाराजवळ एक ठरलेली जागा असावी, आणि कपडे वारा खेळता राहील अशा ठिकाणीं विरळ घालावे. एक जोड कोरडे कपडे, एक पंचा आणि एक सतरंजी पाहुण्यासाठीं निराळी बांधून ठेवण्याची जी जुनी रीत आहे ती अत्यंत शहाणपणाची आहे. उन्हाच्या उघडिपीत अंथरुणें बाहेर टाकणें हेंही पाहुणचाराचेंच काम आहे. फक्त तें पाहुणा येण्यापूर्वीं करावयाचें असतें.

आतां पाणी व अन्न. पावसाळ्यांत जमिनीवरची घाण वाहून विहिरींत आणि फुटक्या नळांत शिरते. तुरटी फिरविल्यानें गाळ खालीं बसतो, परंतु तेवढ्यानें रोगजंतु मरतातच असें नाहीं. पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेंच उकळूं द्यावें व झांकून ठेवावें. अन्न ताजें आणि गरम वाढावें. ओल्या, उबदार हवेंत सकाळचें अन्न संध्याकाळपर्यंत बाहेर राहिल्यास बिघडतें. अशा दिवसांत बेसन हें विदर्भांतील गृहिणीचें मोठें भांडवल. झुणका, गोळाभात, पातोडीची भाजी हे पदार्थ बाजारांत पाऊल न टाकतां होतात. उन्हाळ्यांत गच्चीवर वाळविलेले सांडगे, पापड आणि कुरडया यांचा डबाही याच वेळीं उघडतो. नागपूरच्या ज्या उन्हाला आपण वैशाखांत नांवें ठेवतों, तेंच ऊन भाद्रपदांत पाहुण्याच्या ताटांत वाढलें जातें.

पाण्याचा आणखी एक धोका डोळ्यांआड राहतो. आमच्या शहरांत पुष्कळ खिडक्यांना उन्हाळ्यासाठीं कूलर बसविलेला असतो व पाऊस आला कीं आपण त्याला विसरतों. त्याच्या तळाशीं सांचलेल्या पाण्यांत डेंग्यूचा डांस अंडीं घालतो, आणि अंड्यापासून डांस तयार होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस कूलर, हंडे, फुलदाण्या व छपरावरचे डबे रिकामे करून, घांसून कोरडे केले पाहिजेत. हा डांस मुख्यतः दिवसा चावतो; तेव्हां प्रवासानें थकून दुपारीं निजलेल्या पाहुण्यालाही मच्छरदाणी द्यावी. बोलावून आणलेल्या माणसाला आपल्या घरून ताप घेऊन जावें लागणें यासारखी दुःखाची गोष्ट नाहीं.

तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची, आणि तिचें महत्त्व आमच्या शहराच्या इतिहासानें फार कठोर रीतीनें शिकविलें आहे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं येथें शाळा काढली, येथील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंड लोकांच्या भाषेंत व गीतांत मन घातलें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते नागपूरच्या दक्षिणेकडील टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहावयास गेले होते. संध्याकाळीं घोड्यावरून परत येतांना पावसानें फुगलेल्या ओढ्यांत ते बुडून मरण पावले. त्यांचें वय तेव्हां पंचेचाळीस वर्षांचें होतें. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालापासून या शहरांत चालत आहे. परंतु त्यांचें अपुरें राहिलेलें काम त्यांच्या हातून पुरें होणें मात्र त्या ओढ्यानें कायमचें थांबविलें.

विदर्भांतील ओढे उन्हाळ्यांत कोरडे असतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. वरच्या अंगाला पाऊस झाला कीं येथें थेंब न पडतांही त्यांना लोंढा येतो. आणि गुडघाभर पाणीही जोरांत वाहत असल्यास माणसाचा पाय उखडतें. म्हणून आमचीं वडील मंडळी जेव्हां "आतां रात्रीं निघूं नका, सकाळीं जा," असें म्हणतात, तेव्हां तो केवळ आग्रह नसतो. आभाळ पाहून पाहुण्यास थांबवून घेणें हा यजमानाचा धर्म आहे, आणि संकोच न करितां थांबणें हा पाहुण्याचा.

हें जुन्या काळचें झालें, असें कोणी म्हणूं नये. २०२३ सालीं २२ सप्टेंबरला घरोघर महालक्ष्म्यांचीं जेवणें झालीं, आणि त्याच रात्रीं कांहीं तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, नाग नदीचें पाणी वस्त्यांत शिरलें, लोकांना नावांतून बाहेर काढावें लागलें व कांहींचे प्राणही गेले. ज्यांनीं आदल्या दिवशीं दुसऱ्यांना जेवूं घातलें, त्यांतील कित्येकांना दुसऱ्या सकाळीं स्वतःच आसरा शोधावा लागला. यजमान आणि पाहुणा या दोन जाती नव्हेत. त्या एकाच माणसाच्या दोन अवस्था आहेत, व पाऊस त्यांची अदलाबदल एका रात्रींत करूं शकतो. पुराच्या वेळीं वरच्या मजल्यावरचा शेजारी हाच खरा यजमान.

पाहुण्याचेंही कांहीं कर्तव्य असतें काय? बायबलांतील "प्रेषितांचीं कृत्यें" या पुस्तकाच्या शेवटीं शेवटीं एक प्रसंग आहे, तो या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे. शरद ऋतूंतील उपवासाचा दिवस उलटून गेल्यावर समुद्रप्रवास धोक्याचा झालेला असतांही संत पौलाचें जहाज पुढें निघालें, वादळांत सांपडलें व माल्टा बेटाजवळ फुटलें. त्यावरील २७६ माणसें भिजून किनाऱ्याला लागलीं. पाऊस व थंडी असल्यामुळें बेटावरच्या परक्या लोकांनीं आधीं शेकोटी पेटविली आणि सर्वांना जवळ घेतलें. त्यांनीं कोण, कोठचे, कोणत्या धर्माचे हें प्रथम विचारलें नाहीं. आणि पौल काय करीत होता? तो स्वतः काटक्या गोळा करून त्या शेकोटींत घालीत होता. ज्याच्यासाठीं आग पेटली होती, तोच तिला सरपण आणीत होता. पाहुण्यानें कसें वागावें, हें याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

आमच्या घरांतून मात्र हें सरपण बहुधा एकटी आईच आणते. सर्वांच्या पंगती उठल्यावर ती निवलेलें जेवण जेवते, ओलीं भांडीं घांसते, आणि सण संपतांच अंथरुणास खिळते. पाहुणचाराचें पुण्य सर्व घराचें व श्रम एकीचे, हा व्यवहार न्यायाचा नाहीं. छत्र्या निथळत ठेवणें, उकळलेलें पाणी भरून ठेवणें, पानें वाढणें, अंथरुणें घालणें, कूलर कोरडा करणें, यांपैकीं एकही काम असें नाहीं कीं जें आठवींतल्या मुलाला किंवा मुलीला येणार नाहीं. वडील मंडळींनींही उसनवारी करून थाट करूं नये, आणि नको म्हणत असतांना पानांत वाढून अन्न टाकावयास लावूं नये. पाहुणा लाडवांची संख्या विसरतो. भिजून आल्यावर हातांत मिळालेला कोरडा पंचा त्याच्या लक्षांत राहतो.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, येत्या भाद्रपदांत दारांत कोणी भिजून उभें राहिलें तर आईला हांक मारण्यापूर्वीं आपणच पुढें व्हा. त्यांच्या हातची छत्री घ्या, पाणी द्या, बसावयास कोरडें आसन द्या. आणि दुसऱ्याच्या घरीं आपण पाहुणे असाल तर उठून दोन काटक्या आपणही आणा.