बाविसाव्या दिवसाचं पिल्लू

पहाटे पावणेपाच. गजराआधी चिवचिव कानावर आली आणि जीव भांड्यात पडला. जगलंय! पण लगेच ध्यानात आलं, ही चिवचिव बरी नाही. सुखातलं पिल्लू बारीक, गुणगुणल्यासारखं बोलतं. हे लांब सूर काढून ओरडत होतं, म्हणजे थंडी. खोक्यातला थर्मामीटर 31 दाखवत होता. पहिल्या आठवड्यात 35 लागतं. बल्बची वायर सैल करून तो चार बोटं खाली घेतला. बल्ब जुना, पिवळा, साठ वॉटचा. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही.

आमची टिकली खुडूक झाली तेव्हा आत्यांनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली होती. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. हे नववं बाविसाव्या दिवशी दुपारी, तोवर टिकली आठ जणांना घेऊन उकिरडा गाठून बसलेली. मागे राहिलेल्यासाठी कोंबडी थांबत नाही. ओलं, गार पडलेलं पिल्लू मी काल पदरात घेऊन घरात आणलं. उरलेली दोन अंडी पाण्यात गेली.

साडेसहा. केकचं पीठ मोजायच्या काट्यावर वजन केलं. 27 ग्रॅम. काल 28 होतं.

"काहीतरी घाल गं त्याच्या पोटात," आत्या म्हणाल्या.

"घरचा डबा आहे आत्या, अजून त्याच्या पोटात."

खरंच असतो. कवच फोडायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन दिवस तरी निभावतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांब गावी पाठवतात, ती याच शिदोरीवर. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरतंच. पाणी मात्र दाखवावं लागतं. किंचित गूळ विरघळलेल्या कोमट पाण्यात चोचीचं टोक बुडवलं, त्याने मान वर करून गिळलं. एवढंच. गेल्या वर्षी मी ड्रॉपरने थेंब सोडले होते. ते पाणी श्वासात गेलं आणि पिल्लू माझ्या तळहातावरच गेलं. तेव्हापासून ड्रॉपर घरात नाही. पाण्याचं भांडं म्हणजे बरणीचं झाकण, त्यात खडे, नाहीतर हा जीव झाकणातही बुडतो.

साडेआठ. खरं काम आता. शेपटीखाली शीट वाळून घट्ट बूच बसलं होतं. थंडी लागली, प्रवास झाला, पाणी कमी पडलं की असं होतं. बूच तसंच राहिलं तर आतली घाण आतच तुंबते आणि पिल्लू मरतं. ओढून काढलं तर कातडी सोलून येते. म्हणून कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून बसायचं. मी घड्याळ लावून बारा मिनिटं धरला. बूच मऊ पडून पुसण्यासारखं झालं. मग कोरडं करून खोबरेल तेलाचं एक बोट. जरा खाली, पोटाकडे, अजून एक वाळका काळा ठिपका असतो. ती बेंबी. तिलाच शीट समजून लोक ओढतात आणि आतडं हाताला येतं. तिथे आयोडीनचा बोळा टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा.

दहा वाजता पाय. डावा पाय बाजूला घसरत होता आणि चूक माझीच. रात्री खोक्यात वर्तमानपत्र घातलं होतं. गुळगुळीत कागदावर कोवळे पाय फाकतात आणि फाकलेले राहतात. कागद काढून गोणपाट घातलं. मग जखमेची चिकटपट्टी उभी चिरून दोन्ही पायांना बेडी केली. अंतर एवढंच, की पाय अंगाखाली सरळ उभे राहावेत. शिवणकामात आयुष्य गेलं, पण इतकं लहान माप मी कधी घेतलं नव्हतं. दोनदा तोंडावर पडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. पट्टी रोज बदलायची. पायांना वळण पहिल्या चार दिवसांत लागतं, पुढे अवघड.

मग माझा धंदा. लग्नसराई आहे, सात ब्लाउज द्यायचे. माप द्यायला आलेल्या बाई खोक्यात डोकावून म्हणाल्या, "एवढ्याशा जिवापायी दिवस घालवतेस?" मी त्यांचा दंड मोजला.

दुपारी दोन. एकटं पिल्लू ऊब असूनही खंगतं, म्हणून टिकलीखालचं एक उचलून आणलं. तिने मनगटावर चोच मारून रक्त काढलं, तिचा हक्कच तो. सोबत आली आणि तासाभरात जे माझ्याने झालं नसतं ते झालं. थोरल्याने मक्याचा भरडा टिपला, धाकट्याने बघितलं, गोणपाटाचा धागा टिपला, मग दाणा. मी नखाने टकटक करत होते, पण गुरू तोच.

साडेपाच. शीट सैल, मोकळी. दिवसातली सगळ्यात चांगली बातमी.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, त्यांच्याकडेही पिल्लं आहेत. बोलणं लसीवर आलं. सातव्या दिवशी मानमोडीची लस, लासोटा, डोळ्यात एक थेंब. बाटली शंभर पिल्लांची येते आणि द्रावण केल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी कोण घेणार? म्हणून टाळलं जातं, मग मर आली की आळीतली खुराडी रिकामी होतात. तुमच्या आळीत चार घरी पिल्लं असतील तर एकच दिवस ठरवा, बाटली वर्गणीत आणा आणि ती बर्फात ठेवून आणा.

रात्री पावणेदहाला वीज गेली. थंड्याच्या बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं, वरून घोंगडी, एका कडेला हवेला फट. सव्वाअकराला बल्ब लागला.

घोंगडी उचलून पाहिलं. बल्बच्या अगदी खाली गर्दी नाही, कोपऱ्यात पंख पसरून धापाही नाहीत. दोघं मधोमध आडवी, माना टाकून झोपलेली. ऊब बरोबर आहे. काट्यावर 28.