पहिला शब्द क्लायंटचा

फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडलं की शिल्लक दिसण्याआधी एक छोटा संवाद होऊन गेलेला असतो. त्याला टीएलएस हँडशेक म्हणतात. सर्व्हर ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर नुसता वाट पाहतो. पहिला शब्द कायम क्लायंटचा, म्हणजे आपल्या हातातल्या प्रोग्रॅमचा.

या पहिल्या संदेशाचं नाव ‘क्लायंट हॅलो’. त्यात ३२ बाइटचा एक यादृच्छिक आकडा असतो, आपल्याला कोणत्या सांकेतिक पद्धती येतात त्यांची यादी असते आणि कोणत्या नावाच्या सर्व्हरशी बोलायचं तेही असतं. २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ मध्ये क्लायंट आपल्या किल्लीचा उघड भागही याच संदेशात पाठवतो. सर्व्हर स्वतःचा उघड भाग परत देतो आणि दोघे आपापल्या जागी गणित करून एकाच गुपितावर येतात. मधे बसून सगळं ऐकणाऱ्याला मात्र ते गुपित काढता येत नाही. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना १९७६ साली मांडली. मला ती आजही थक्क करते.

आधीच्या आवृत्तीत या बोलण्याला दोन फेऱ्या लागत, आता एक पुरते. गंमत म्हणजे १.३ बोलणारा क्लायंट वरच्या रकान्यात अजूनही ‘१.२’ लिहितो आणि खरा आकडा आत एका पुरवणीत देतो. वाटेतली कित्येक जुनी उपकरणं अनोळखी आकडा पाहिला की जोडणीच तोडत होती, म्हणून ही तडजोड.

इथवरचं काम गणिताचं, आणि ते चोख आहे. पण गुपित कोणाशी ठरलं, हे गणित सांगत नाही. लाखेने बंद केलेलं पाकीट चोराच्याच हाती दिलं, तर लाख काय कामाची? म्हणून सर्व्हर प्रमाणपत्र पाठवतो आणि ते पारखण्याची जबाबदारी क्लायंटवर येते: सह्यांची साखळी विश्वासातल्या संस्थेपर्यंत पोचते का, मुदत संपली का, नाव जुळतं का, आणि समोरच्याकडे त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली खरोखर आहे का.

नेमकी इथेच पडझड झाली आहे. ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीत क्लायंटने मुद्दाम सांगितलं नाही, तर प्रमाणपत्र खोटं निघालं तरी जोडणी पूर्ण होते. नाव जुळवण्याची तयार सोय तिथे २०१५ च्या १.०.२ आवृत्तीत आली. तोवर ज्याने त्याने आपापली लिहिली, किंवा लिहिलीच नाही. २०१२ साली टेक्सास आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी ब्राउझरखेरीजचे प्रोग्रॅम तपासले. कर्ल या लायब्ररीत नावाची तपासणी चालू करायला ‘२’ द्यावा लागे. प्रोग्रॅमर मोठ्या विश्वासाने ‘ट्रू’ लिहीत, त्याचा ‘१’ होई आणि नाव जुळवलंच जात नसे. त्याच वर्षी कर्लने ‘१’ नाकारायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या फोन आणि संगणकांत ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा लिहिलेली सापडली. तिच्यामुळे सर्व्हरची सही तपासण्याची पायरीच ओलांडली जात होती. या सगळ्या प्रकारांत सांकेतिकीकरण व्यवस्थित चालू होतं, म्हणून कोणाला काही खटकलं नाही.

तपासणी चोख असली तरी विश्वासाची यादी कोणाची, हा प्रश्न उरतोच. जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसी या सरकारी संस्थेच्या नावाने गूगलच्या काही पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारताची मूळ प्रमाणपत्रं होती, त्यामुळे विंडोजवरच्या बऱ्याच प्रोग्रॅमना ती खरी वाटली असती. फायरफॉक्सची यादी वेगळी, तिच्यात ती नव्हती, म्हणून तो सुरक्षित राहिला.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेने डिसेंबर २०१४ च्या २.७.९ आवृत्तीपासून प्रमाणपत्राची तपासणी आपणहून चालू ठेवली. तरी चाचणीचा सर्व्हर अडला की ‘व्हेरिफाय’समोर ‘फॉल्स’ लिहून, म्हणजे तपासणीच बंद करून, मोकळं होण्याची सवय जात नाही, आणि ती ओळ तशीच ग्राहकांपर्यंत पोचते. त्यापेक्षा चाचणीच्या सर्व्हरचं मूळ प्रमाणपत्र क्लायंटच्या यादीत घालावं. तेवढ्याने काम भागतं, आणि तपासणी चालूच राहते.