वाढीचा आलेख काय सांगतो
सेरेब्रल पाल्सीत मेंदूची मूळ इजा वाढत नाही. शरीर मात्र वाढत असते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील ६५७ मुलांच्या निरीक्षणांवरून रोझेनबॉम व सहकाऱ्यांनी २००२ साली हालचालींच्या विकासाचे पाच आलेख प्रसिद्ध केले. सौम्य गटातील मुले आपल्या क्षमतेचा ९० टक्के पल्ला सुमारे पाचव्या वर्षापर्यंत गाठतात, अतितीव्र गटातील तिसऱ्या वर्षाआधीच. ‘चालेल ना?’ या पालकांच्या प्रश्नाला त्यामुळे काही आधार लाभला. परंतु हे आलेख बसणे, उभे राहणे, चालणे यांपुरतेच आहेत. आकलनाविषयी ते मौन बाळगतात. न चालणारे मूल शिकणार नाही, हा निष्कर्ष त्यांतून काढणे सर्वस्वी चुकीचे होय. वजन न वाढणे हेही आजाराचाच भाग मानून सोडून दिले जाते. वस्तुतः पुष्कळदा चावण्या-गिळण्यातील अडचण त्यामागे असते, आणि तिच्यावर उपाय करता येतात.