खिळा, घड्याळ आणि नकाशा

दोस्तांनो, 'मोठेपणी मी लेखक होणार' असं तुमच्यापैकी किती जणांनी मनाशी ठरवलंय? हात वर करा बघू! आणि सुट्टी लागल्या लागल्या नवी कोरी वही काढून, पहिल्या पानावर झोकदार अक्षरात 'माझी कादंबरी' असं लिहून, चौथ्या पानापासून त्याच वहीत गणितं सोडवायला कोणी घेतली? त्यांनीही हात वर करा. लाजू नका. तुमच्या रांगेत फार मोठी मोठी माणसं उभी आहेत, बरं का!

लेखक व्हायचं म्हणजे नुसती कल्पनाशक्ती असून भागत नाही. 'आज किती लिहायचं? कधीपर्यंत संपवायचं? जमलं नाही तर काय करायचं?' या रोजच्या प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात. नामवंत लेखकांनाही ती शोधावी लागली. चला तर, तिघांच्या घरात डोकावू या. एकाच्या भिंतीवर आहे खिळा, दुसऱ्याच्या टेबलावर आहे घड्याळ आणि तिसऱ्याच्या हातात आहे नकाशा.

भिंतीवरचा खिळा

अमेरिकेतला स्टीफन किंग हा भयकथांचा बादशहा. त्याची पहिली कादंबरी 'कॅरी' १९७४ मध्ये छापून आली. पण ही गोष्ट त्याच्या आधीची, तो शाळकरी पोरगा होता तेव्हाची. तो गोष्टी लिहायचा, मासिकांना पाठवायचा, आणि काही दिवसांनी गोष्ट परत यायची. सोबत एक छापील चिठ्ठी. आपल्याकडे ज्याला 'साभार परत' म्हणतात ना, तीच!

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? चिठ्ठी फाडली असती, नाहीतर उशीत तोंड खुपसून रडलो असतो. किंगने भिंतीत एक खिळा ठोकला आणि येईल ती चिठ्ठी त्याला टोचून ठेवायला सुरुवात केली. चौदा वर्षांचा होईपर्यंत चिठ्ठ्या इतक्या साठल्या, की खिळ्याला ते ओझं पेलेना. मग? त्याने त्या जागी एक जाडजूड खिळा ठोकला आणि पुढची गोष्ट लिहायला बसला!

आता जरा विचार करा. 'या महिन्यात माझी गोष्ट छापून आलीच पाहिजे' असं त्याने ठरवलं असतं, तर तो दर महिन्याला नापास झाला असता. कारण छापणं संपादकाच्या हातात. पण 'गोष्ट पुरी करून पाठवायची' हे कोणाच्या हातात? त्याच्या स्वतःच्या. म्हणजे ध्येयं दोन प्रकारची असतात : एक आपल्या हातातलं, दुसरं दुसऱ्याच्या हातातलं. दुसऱ्याची आशा जरूर धरावी, पण रोजचा हिशेब मात्र पहिल्याचा ठेवावा.

टेबलावरचं घड्याळ

तुमच्या कोपऱ्यावर लाल टपालपेटी आहे ना? रस्त्याच्या कडेला उभ्या करायच्या अशा पेट्या ब्रिटिश टपालखात्याने १८५२ मध्ये जर्सी बेटावर बसवल्या. ही सूचना करणारा टपालखात्यातला अधिकारी म्हणजे अँथनी ट्रोलप. दिवसभर नोकरी आणि तिच्या आधी लेखन, असा याचा दुहेरी संसार.

त्याची पहिली कादंबरी १८४७ मध्ये आली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या कादंबरीच्या ३७५ प्रती काढल्या, खपल्या फक्त १४०! तिसरीचीही तीच गत. चौथी आली १८५५ मध्ये. तिचे वर्षअखेरीस हातात आलेले पैसे किती, तर ९ पौंड, ८ शिलिंग, ८ पेन्स. एवढ्या वर्षांच्या खटपटीला हे फळ! पण गडी खचला नाही. आपलं पुस्तक निदान लोक वाचताहेत, एवढं त्याला पुरलं.

पुढे त्याने स्वतःला जी शिस्त लावली, ती ऐकून तुम्ही थक्क व्हाल. पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर. उठवायला एक म्हातारा नोकर. कॉफी घेऊन वेळेवर हाक मारायची, याचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा! समोर घड्याळ ठेवायचं आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे. कचेरीला निघायच्या आत दिवसाचं लेखन खलास.

पण खरी गंमत आहे त्याच्या डायरीत. नवी कादंबरी सुरू करताना तो डायरीत आठवडे आखायचा आणि किती पानं झाली ते रोज मांडायचा. २५० शब्दांचं एक पान. आठवड्याला सरासरी ४० पानं. पण सरासरी म्हणजे दर आठवड्याला ४० नव्हे! कधी कामाच्या रगाड्यात तो २० वर यायचा, तर एकदा ११२ पर्यंत गेला. दिवस पाहून आकडा बदलायचा, डायरी मात्र चालू ठेवायची. टपालखात्याच्या कामासाठी सारखा आगगाडीचा प्रवास करावा लागू लागला, तेव्हा 'आता कसलं लिहिणं!' म्हणून तो हात चोळत बसला नाही. मांडीवर ठेवायची एक छोटी पाटी त्याने करून घेतली आणि डब्यात बसून पेन्सिलीने लिहू लागला. घरी आल्यावर त्याची बायको ते शाईने उतरवून काढायची. अशा रीतीने त्याच्या नावावर जमा झाल्या ४७ कादंबऱ्या!

रंगीत नकाशा

आता तिसरा गडी, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. 'ट्रेझर आयलंड' म्हणजे खजिन्याच्या बेटाची गोष्ट लिहिणारा. पण ती लिहिण्याआधी त्याने दहा-बारा वेळा कादंबरी लिहायला घेतली होती, आणि दर वेळी ती मध्येच थांबली होती. शाळकरी मुलाचं घड्याळ बंद पडावं तशी, असं तो स्वतःच सांगतो. पाहिलंत? वहीत गणितं सोडवणारे तुम्ही एकटे नाही!

साल १८८१. स्कॉटलंडमधलं ब्रेमार गाव. बाहेर पावसाची रिपरिप. घरात बायकोचा आधीचा मुलगा लॉइड, वय वर्षं तेरा. वेळ घालवायला रंगपेटी काढली आणि स्टीव्हन्सनने एका बेटाचा झकास रंगीत नकाशा काढला. नकाशा पाहता पाहता त्याला झाडीतून डोकावणारे चाचे दिसू लागले! झालं, गोष्ट सुरू. या वेळी मात्र त्याने 'कादंबरी' या डोंगराकडे पाहिलंच नाही. रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं, बस्स! पंधरा दिवस, पंधरा प्रकरणं. आणि सोळाव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच... ठप्प! डोक्यात एक शब्द येईना.

त्यात आणखी पंचाईत. ही गोष्ट 'यंग फोक्स' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकाने घेतली होती. हो, तुम्ही वाचताय तशाच साप्ताहिकाने! सुरुवातीची प्रकरणं छपाईला लागली होती आणि शेवटाचा पत्ता नव्हता. तब्येत तोळामासा, कमाई बेताची. घाबरून जाण्यासारखीच वेळ.

स्टीव्हन्सनने काय केलं? स्वतःला टेबलाशी बांधून ठेवलं नाही. काही काळ त्याने ती गोष्ट बाजूला सारली आणि दुसऱ्या लेखकाच्या कादंबऱ्यांत डोकं खुपसलं. हवापालटासाठी तो स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेला. तिथे एका सकाळी पुन्हा लिहायला बसला, आणि काय आश्चर्य! झरा वाहू लागला. पुन्हा रोज एक प्रकरण, ते थेट चौतिसाव्या, शेवटच्या प्रकरणापर्यंत. साप्ताहिकात ती गोष्ट आली तेव्हा तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. १८८३ मध्ये पुस्तक निघालं आणि मग मात्र ते जगभर पोचलं.

म्हणजे विश्रांती घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे. फरक एवढाच, की विश्रांती घेणारा परत येतो.

पाच दिवस आणि सतरा वर्षं

आता तुम्ही म्हणाल, "पण वेग कोणाचा धरायचा?" सानेगुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहायला घेतली १९३३ च्या फेब्रुवारीत, आणि त्यांनी ती झपाट्याने लिहिली अवघ्या पाच दिवसांत! उलट इंग्लंडच्या प्राध्यापक टॉल्किन यांचं पाहा. 'हॉबिट' मुलांना आवडलं, तेव्हा प्रकाशकाने तशीच आणखी एक गोष्ट मागितली. १९३७ च्या डिसेंबरात त्यांनी ती लिहायला घेतली. गोष्ट वाढत गेली, वळणं घेत गेली, कित्येकदा अडली. छोट्या पुस्तकाऐवजी ती 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड होऊन १९५४-५५ मध्ये बाहेर आली. इथे तर वाटेत ध्येयच बदललं! म्हणून शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने दहा पानं लिहिली आणि माझं एकच झालं, याचं दुःख करण्यात अर्थ नाही.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे आपलं माप लहान ठेवायचं. स्टीफन किंग आपल्या पुस्तकात सांगतो, की तो स्वतः रोज दोन हजार शब्द लिहायचा. पण नव्याने लिहिणाऱ्यांना तो म्हणतो : एक हजारापासून सुरुवात करा आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्या. आपल्याला तर शाळा आहे, क्लास आहे, आईने सांगितलेली कामं आहेत. आपण रोज दहा ओळींपासून सुरुवात करू.

वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घाला आणि पुढे किती ओळी झाल्या तो आकडा लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा. दोन आठवडे सतत कमी पडलं तर माप निम्मं करा. दोन आठवडे सहज जमलं तर थोडं वाढवा. परीक्षेच्या आठवड्यात दोनच ओळी, मे महिन्यात वाटल्यास पानभर. एक मात्र करू नका : चार दिवस राहिलं म्हणून पाचव्या दिवशी पन्नास ओळींची शिक्षा स्वतःला देऊ नका. राहिलं ते राहिलं, आजच्या दहा लिहा.

गोष्ट पुरी झाली की मगच पुढची पायरी. आधी एकाला वाचून दाखवा, मग दुरुस्त करा, मग पाठवा. उत्तराची वाट बघत बसू नका. ते येईपर्यंत दुसरी गोष्ट सुरू झालेली असू दे.

आता दोन शब्द आई-बाबांशी

मुलाने गोष्ट लिहिली की आपला पहिला प्रश्न असतो, "छापून आली का? नंबर आला का?" प्रश्न प्रेमाचाच, पण त्यामुळे मुलाचं लक्ष जातं नेमकं जे त्याच्या हातात नाही त्याच्याकडे. दोनदा नंबर आला नाही की वही कपाटात जाते, ती कायमची.

स्टीव्हन्सनचे वडील दीपगृहं बांधणारे नावाजलेले इंजिनिअर. मुलाने तो पेशा सोडला याचं त्यांना वाईट वाटलं होतं. पण ब्रेमारला ती गोष्ट ऐकताना तेच तिच्यात इतके रमले, की कथेतल्या खलाशाच्या पेटीत काय काय सामान निघावं याची यादी त्यांनी स्वतः लिहून दिली. मुलाने ती जवळजवळ तशीच पुस्तकात घातली. तेव्हा आज रात्री जेवताना एवढंच विचारून बघा : "मग, तुझ्या गोष्टीत पुढं काय झालं?"

करून पाहा : आपल्या आवडीच्या एका जागेचा नकाशा काढा. शाळा, आजोळचं गाव, नाहीतर अगदी कल्पनेतलं बेट. त्यात एक खूण करा : 'इथे काहीतरी दडलंय!' आणि उद्यापासून रोज दहा ओळी. सात दिवसांनी वहीच्या शेवटच्या पानावरचे आकडे पाहा, आणि पुढच्या आठवड्याचं माप तुमचं तुम्हीच ठरवा!