वहीत घुसलेली ओळ

आमच्या वडिलांच्या पेढीवर लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जाई. जुन्या वहीतल्या कोऱ्या जागेवर मात्र आधीच तिरकी रेघ ओढलेली असे. का, म्हणून विचारले की वडील म्हणत, "मागाहून कोणी ओळ घुसडू नये." ती रेघ मला गेल्या दिवाळीत कळंबला आठवली.

नालासोपाऱ्याला उतरून निर्मळवरून पुढे गेले की कळंब. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. माझा भाचा तिथे घरबसल्या वेबसाईटी बांधून देतो. आम्ही फराळाला बसतो न बसतो तोच जवळच्या एका रिसॉर्टचे मालक तणतणत आले. त्यांच्या वेबसाईटीची एक नोंदवही असते, तिला लॉग म्हणतात. कोण आले, केव्हा आले, काय केले, हे ती आपोआप ओळीओळीने लिहिते. रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी काउंटरवरच्या मुलाने गिऱ्हाइकांची सगळी यादी उतरवून घेतली, असे तिच्यात स्पष्ट लिहिलेले! मुलगा म्हणे, मी झोपलो होतो. मालक त्याला ऐन सणात घरी बसवायला निघाले होते.

"मामा, तुम्ही जन्मभर हिशेब लिहिलेत. वहीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"अक्षर कोणाचे ते पाहून."

"इथे सगळेच अक्षर यंत्राचे!"

मग त्याने दुसरी वही उघडली. सर्व्हर दारावरच्या पहारेकऱ्यासारखी येणाऱ्या प्रत्येक मागणीची वेगळी नोंद ठेवतो. तिथे त्या वेळी मागणी एकच, आणि लॉगमध्ये ओळी मात्र दोन. कोणा खोडसाळाने नावाच्या रकान्यात काहीतरी नाव घालून पुढे टक्क्याची खूण, शून्य आणि ए हे इंग्रजी अक्षर पाठवले होते. या तीन चिन्हांचा अर्थ 'नवी ओळ सुरू कर'. त्यापुढे मुलावरचा आळ, थेट वहीच्याच थाटात. 'अमक्याचा प्रवेश फसला' एवढेच लिहायचे होते. पण यंत्राने ते 'नाव' जसेच्या तसे उतरवले आणि त्याच्या पोटातून दुसरी ओळ निघाली. यादी कोणी उतरवलीच नव्हती! याला म्हणतात लॉग इंजेक्शन.

भाचा म्हणाला, हे तर थोडक्यात निभावले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जगभर वापरल्या जाणाऱ्या नोंदलेखकातला दोष जाहीर झाला. विशिष्ट घाटाचा मजकूर नोंदवायला दिला की तो नुसता लिहीत नसे, त्यातला हुकूम पाळून परक्या ठिकाणाहून प्रोग्रॅम आणून चालवी. माइनक्राफ्ट या मुलांच्या खेळात गप्पांच्या जागी एक ओळ टाकली तरी पुरे. धोक्याच्या मापात त्याला दहापैकी दहा गुण मिळाले.

मला शिवकालीन पत्रे आठवली. शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब उमटवीत. त्याखाली कोणी काही लिहिले तर ते पत्रातले नव्हे. भाच्याचा उपाय त्याच जातीचा. बाहेरून आलेल्या मजकुरात ओळ तोडण्याची खूण असली तर ती न पाळता साध्या अक्षरांत लिहून दाखवायची. मग एक नोंद, एकच ओळ.

खोडसाळ कोण, ते काही कळले नाही. मालक मात्र न बोलता उठून गेले. संध्याकाळी मिठाईचा पुडा घेऊन तोच मुलगा दारात उभा. चहाला थांबला नाही. खोल्या सगळ्या भरल्या होत्या म्हणे.