भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातील पेशीसंशोधन

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र ही मुंबईतील परळ येथे १९५२ साली स्थापन झालेली संशोधन संस्था होय. टाटा स्मारक रुग्णालयाच्या सान्निध्यात उभ्या राहिलेल्या या संस्थेत मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही संशोधन केले. शरीराबाहेर जिवंत पेशी वाढवून त्यांचा अभ्यास करण्याचे तंत्र, म्हणजेच ऊतकसंवर्धन, भारतात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने या केंद्राला व तेथील पेशीवैज्ञानिक डॉ. कमल रणदिवे यांना दिले जाते. कर्करोगाइतकीच कुष्ठरोगाच्या संशोधनातही या केंद्राची कामगिरी लक्षणीय आहे.

पूर्वपीठिका

भायखळा ते परळ हा गिरणगावाचा पट्टा वैद्यकीय संशोधनाचाही जुना पट्टा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा थाटून प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली व त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या बंदिवानांवर तिची चाचणी घेतली. पुढे १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

याच परिसरात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथील अध्यापनानंतर ते १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात आले. लोकांच्या राहणीचा कर्करोगाशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने त्वचेला होणारा कर्करोग आणि ओठाआड खैनी धरून ठेवल्याने होणारा ओठाचा कर्करोग यांचे वर्णन त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. मात्र रुग्णांच्या नोंदींवरून रोगाचे कारण सूचित होत असले, तरी पेशीत नेमका कोणता बदल होतो हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी प्रायोगिक जीवशास्त्राची आवश्यकता होती.

ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा

कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींवर एम. एस्सी. साठी काम केले. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. पदवी संपादन केली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतकसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. ‘हेला’ ही मानवी पेशींची पहिली अखंड वाढणारी मालिका १९५१ साली याच गाय यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती.

भारतात परतल्यावर रणदिवे यांनी परळच्या केंद्रात प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ऊतकसंवर्धनाला वाहिलेली ही भारतातील पहिली संशोधन प्रयोगशाळा मानली जाते. शरीरातून काढलेला ऊतकाचा तुकडा काचपात्रात जिवंत ठेवण्यासाठी त्याला क्षार, शर्करा, ॲमिनो आम्ले व रक्तद्रव यांचे योग्य प्रमाणातील पोषक द्रावण, ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासचे स्थिर तापमान आणि संपूर्ण निर्जंतुकता लागते. हवेतील बुरशीचा एखादा कण शिरला, तरी अनेक आठवड्यांचे श्रम वाया जातात. मुंबईच्या दमट हवेत ही निर्जंतुकता राखणे विशेष कष्टाचे होते.

स्तनकर्करोगाचे संशोधन

रणदिवे यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय स्तनांचा कर्करोग हा होता. जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले होते, की उंदरांच्या काही वाणांत हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. रोगप्रवण वाणाची पिले जन्मतः निरोगी वाणाच्या मादीकडे दुधासाठी सोडली, तर त्यांच्यात या रोगाचे प्रमाण घटते. दुधातील हा घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. रणदिवे यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वाणांतील स्तनग्रंथींची तुलना करून आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध तपासला. एकच कारण न शोधता अनेक कारणांच्या संयोगाकडे पाहणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होय. ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखला जाणारा, स्तनकर्करोगास प्रवण असा उंदरांचा वाणही केंद्रात जोपासण्यात आला.

मानवातही असा विषाणू असावा काय, हा प्रश्न स्वाभाविकच पुढे आला. पारशी स्त्रियांत स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक आढळत असल्याने मुंबईतील पारशी मातांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. त्यांत विषाणुसदृश कण आढळल्याचे १९७१ साली अमेरिकी शास्त्रज्ञांसह केलेल्या अभ्यासात नमूद झाले. केंद्रातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या तज्ज्ञ डॉ. सत्यवती शिरसाट यांचा या अभ्यासात सहभाग होता. तथापि मानवी स्तनकर्करोग दुधातील विषाणूमुळे होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

कुष्ठरोगाचा प्रश्न व ‘आयसीआरसी’ जीवाणू

कुष्ठरोगाचा जीवाणू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. परंतु हा जीवाणू कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही आणि ही अडचण आजही कायम आहे. जीवाणू वाढविता येत नसल्यामुळे लस तयार करणे व औषधांची परीक्षा घेणे हे दोन्ही मार्ग दीर्घकाळ अडले होते. तोवर कुष्ठरोग्याच्या वाट्याला येत असे ते मुख्यतः घरादारापासून दूर राहणे.

हा जीवाणू शरीरात चेताऊतकांत वस्ती करतो. तेव्हा काचपात्रातही त्याला तशाच पेशींचा आधार द्यावा, या विचाराने केंद्रातील संशोधकांनी मानवी भ्रूणाच्या मेरुरज्जूलगतच्या चेतागुच्छांतील पेशींचे संवर्धन केले आणि त्यांत कुष्ठरुग्णाच्या गाठीतील द्रव्य घातले. त्यातून एक अम्लस्थिर जीवाणू वाढीस लागला. बापट, रणदिवे व खानोलकर यांनी १९५८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ जीवाणू असे नाव मिळाले.

हा जीवाणू म्हणजे प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा जीवाणू नव्हे, तर क्षयरोगाच्या जीवाणूशी नाते सांगणाऱ्या मायकोबॅक्टेरियम एव्हियम या गटातील आहे, असे पुढील परीक्षणांत दिसून आले. म्हणजे मूळ उद्दिष्ट साध्य झाले नव्हते. तथापि त्याची काही प्रतिजने कुष्ठरोगाच्या जीवाणूशी मिळतीजुळती आहेत. या साम्याचा उपयोग करून डॉ. माधव देव यांनी गॅमा किरणांनी निष्प्राण केलेल्या ‘आयसीआरसी’ जीवाणूंपासून लस विकसित केली.

या लसीची मोठी परीक्षा तमिळनाडूत झाली. १९९१ ते १९९३ या काळात १,७१,४०० लोकांनी स्वेच्छेने तीत भाग घेतला. बीसीजी, बीसीजी व निष्प्राण कुष्ठजीवाणू यांचे मिश्रण, ‘एमडब्ल्यू’ आणि ‘आयसीआरसी’ अशा चार लसींची निव्वळ क्षारद्रावण टोचलेल्या गटाशी तुलना करण्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संरक्षणाचे प्रमाण पुढीलप्रमाणे होते :

आयसीआरसी : ६५.५ टक्के
बीसीजी व निष्प्राण कुष्ठजीवाणू : ६४.० टक्के
बीसीजी : ३४.१ टक्के
एमडब्ल्यू : २५.७ टक्के

तोपर्यंत १९८०च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग बरा होऊ लागला होता व रुग्णसंख्याही झपाट्याने घटली होती. त्यामुळे ही लस सार्वत्रिक वापरात आली नाही. असे असले तरी जो जीवाणू कुष्ठरोगाचा ठरला नाही, त्याच्यापासून केलेली लस या परीक्षेत पहिल्या स्थानी राहिली, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात उल्लेखनीय आहे.

गौरव व पुढील वाटचाल

१९६६ साली केंद्र व टाटा स्मारक रुग्णालय यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्राची रचना झाली आणि केंद्राला कर्करोग संशोधन संस्था हे नाव मिळाले. १९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संचालकपदाची धुरा सांभाळली. १९७३ साली सहकाऱ्यांसमवेत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातील राजूर परिसरात आदिवासी बालकांच्या पोषणाचे काम त्यांनी हाती घेतले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

२००२ साली ही संस्था परळहून नवी मुंबईतील खारघर येथे गेली. ती आज कर्करोगाचे उपचार, संशोधन व शिक्षण यांचे प्रगत केंद्र म्हणून ओळखली जाते. रुग्णालय मात्र परळलाच आहे.